बिछाना उघडताना

चादर झटकून अंथरली तोवर सगळं ठीक होतं. संध्याकाळी पाहुणा जेवायला गेला की त्याच्या खोलीत जायचं, पडदे ओढायचे, दिवा मंद करायचा आणि पांघरुणाचा एक कोपरा त्रिकोणी दुमडून बिछाना उघडून ठेवायचा, एवढाच त्या दिवशीचा धडा होता. नियुमा वर्गात सगळ्यांत थोरली, पस्तिशीची, म्हणून सरांनी तिला पहिलं बोलावलं. ती पलंगाशी वाकली आणि तिच्या हातांनी, तिला न विचारता, पांघरुणाची आधी डावी बाजू मध्ये आणली, मग तिच्यावर उजवी. मग उलट्या तळव्याने डोक्याकडून पायांकडे कापड सारखं केलं. पायांशी उरलेलं टोक मुठीत धरून पिळलं. ओठ हलत होते, तेही तिला कळलं नाही. कळलं ते खोलीत एकदम कुणी बोलेनासं झालं तेव्हा. रत्नतुंगे सर हसले. "नियुमा, अगं पाहुण्याने शिरायचं कुठून? हे तर पार्सल झालं!" सर श्रीलंकेतले, कँडीचे. मालदीवमध्ये पंधरा वर्षं काढलेले, पण मयताच्या घरात आत कधी गेले नसावेत. बाकीची चौदा पोरं मात्र बेटांवरचीच होती. एकही हसलं नाही. जौशन, जो सरांच्या शिंकेवरसुद्धा काहीतरी बोलायचा, तोही गप्प. खिडकीजवळ उभी असलेली शफ्ना दोन पावलं मागे सरली आणि तिची पाठ भिंतीला लागली. पलंगावर ते लांबट, पांढरं, बंद केलेलं काहीतरी पडून होतं. नियुमाने घाईघाईने ते सोडलं, कोपरा दुमडला, त्रिकोण केला. त्रिकोण चांगला झाला होता. पण तो आता कुणी बघत नव्हतं.

सुट्टी झाल्यावर ती माजीदी मागू या हमरस्त्याने चालत निघाली. राजधानीत, मालेत चालायचं म्हणजे मोटारसायकलींच्या मधून अंग चोरत जायचं. पाच महिन्यांत तिला ते जमलं होतं. आज मात्र दोनदा शिव्या बसल्या. हातांचा राग येत होता तिला. पाच महिने त्या हातांना तिने काय काय शिकवलं होतं! टॉवेलचा हंस, पानाफुलांनी बिछान्यावर नाव लिहिणं, नळाची तोटी अशी पुसायची की तिच्यात आपलं तोंड दिसावं. दार तीनदा ठोठावायचं, थांबायचं, पुन्हा ठोठावायचं. हे शेवटचं तर फारच अवघड गेलं. बेटावर दार ठोठावतो कोण? आणि तिला तर कधी ठोठावावं लागलंच नव्हतं. तिला बोलावणं यायचं, आणि ती पोचायची तेव्हा दारं सताड उघडी असायची, बायका दोन्ही बाजूंना सरून वाट करून द्यायच्या. सोळा वर्षांची असताना मम्माच्या थोरल्या बहिणीने, हव्वा मावशीने, तिला पहिल्यांदा बरोबर नेलं होतं. "तुझे हात थरथरत नाहीत," मावशी म्हणाली होती, एवढीच पात्रता. पुढे मावशी थकली आणि बेटावरच्या बायकांना शेवटचं न्हाऊ घालून पांढऱ्यात गुंडाळायचं काम नियुमाकडे आलं. आजूबाजूच्या दोन बेटांवरूनही होडी यायची. उन्हात, पावसात, लाटा असताना. एकोणीस वर्षांत किती बायका झाल्या ते तिने कधी मोजलं नाही, पण एकेक मात्र तिला आठवायची. कुणाच्या पोटावरची शिवण, कुणाच्या पायातलं पडून गेलेलं नख. त्यांच्या नवऱ्यांनाही माहीत नसेल इतकं तिला त्यांचं माहीत होतं, आणि ते सांगायला कुणी नव्हतं. ते सांगायचंही नसतं.

मान होता. मान नव्हता असं म्हणायला जागा नाही. तिला बघून पोरं आवाज खाली करायची, म्हातारे सावरून बसायचे. पण अंगणातल्या जाळीच्या खुर्चीवर ती येऊन टेकली की शेजारच्या बाईला हटकून घरात काहीतरी काम आठवायचं. कुणाच्या घरी बाई आजारी असली तर नियुमाने त्या गल्लीतून जायचं नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण होतं. मग ती किनाऱ्याने वळसा घालून जायची, वाळूत पाय रुतवत. एका वर्षी तीन गल्ल्यांत तीन आजारी होत्या, तेव्हा विहिरीवर जायलासुद्धा तिला अख्ख्या बेटाला फेरी मारावी लागायची. दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. त्याचं काही नाही, बेटावर निम्म्या बायकांची मोडतात. पण दुसरा नवरा, इस्माईल, चांगला होता, हसरा होता, आणि तो जाताना खरं तेच बोलला. "तू केसांवरून हात फिरवतेस ना, तेव्हा मला झोप येत नाही गं." ती त्याच्यावर चिडलीसुद्धा नाही. त्यानंतर तिने कुणाच्या केसांवरून हात फिरवला नाही. जिवंत माणसाच्या, म्हणजे.

रिसॉर्टचं तिच्या डोक्यात आलं ते एका साध्या गोष्टीवरून. शेजारणीचा मुलगा रिसॉर्टमधून सुट्टीवर आला होता, गप्पा हाणत होता. तिथला समुद्र असा, तिथली माणसं तशी. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या बेटावर सगळं आहे, नियुमा दोन्ता. फक्त मशीद छोटी आहे नि कबरस्तान नाही." थोरल्या बहिणीला म्हणतात तसं बेटावर सगळे तिला दोन्ता म्हणायचे. कबरस्तान नाही? "कशाला असेल? तिथं कोण राहतं? येतात, झोपतात, उठतात, जातात." तो पुढे बरंच काही बोलला, तिने ते ऐकलं नाही. झोपतात आणि उठतात. त्या रात्री तिच्या मनात एकच चित्र होतं: एक बेट, त्याच्यावर ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीत पांढरा बिछाना आणि रोज सकाळी प्रत्येक बिछान्यातून कुणीतरी जांभई देत उठतंय. एवढ्यासाठी माणूस घर सोडतं का? तिने सोडलं. बेटावर सांगितलं, शिकायला जाते. कौन्सिलातल्या माणसाने विचारलं, "आणि इथलं?" ती म्हणाली, "सहा महिने कुणी मरू नका." तो हसला नाही.

मालेत ती धाकट्या भावाकडे, फैझकडे राहायची. सातवा मजला, दोन खोल्या, पाच माणसं. तिची गादी बैठकीच्या खोलीत पडद्यामागे. भावजय, शीझा, वाईट नव्हती. फक्त दमलेली होती. पडद्यामागून नियुमाला त्यांचं जेवण, भांडणं, टीव्ही सगळं ऐकू यायचं, आणि तिला कुणी बोलावलं नाही तर बाहेर यावं की नाही हे कळायचं नाही. बोलवायचे ते. कधी विसरायचेही. त्या संध्याकाळी ती पोचली तेव्हा फैझ चहा पीत होता. "बेटावरून सकीनाचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाली, मरियमच्या आईचं काही खरं नाही. दोन्ता येईल का एक आठवडा?"

"परीक्षा आहे."

"मी सांगितलं. ती म्हणाली, पलंग काय कधीही करता येईल."

शीझा स्वयंपाकघरातून ओरडली, "तिचं पण बरोबरच आहे म्हणा. इथं पलंग करायला हजार पोरी आहेत. तिथं हिच्यासारखी एक नाही." ती कौतुकाने म्हणाली होती. नियुमाने तोंड धुतलं, पडद्यामागे गेली आणि आपलीच गादी बघत उभी राहिली. चादरीचे कोपरे सकाळी पायांशी किती आवळून खोचले होते ते आता नीट पाहिलं. इतके दिवस स्वतःच्या बिछान्यातसुद्धा ती पाय ओढूनच शिरत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिला जोडीदार मिळेना. मोठा पलंग दोघांनी करायचा असतो, एकाने या बाजूला, दुसऱ्याने त्या. चादरीचं एक टोक ती धरायची आणि समोरचं टोक तसंच लोंबत राहायचं. पोरी उद्धट नव्हत्या. "दोन्ता, मी आज हिच्याबरोबर ठरवलंय गं." "दोन्ता, माझा हात दुखतोय." लहानपणी घरोघरी जी वागणूक शिकतो तीच; मान ठेवून लांब राहायचं. जौशनला मात्र गप्प राहणं दोन दिवसांच्या वर झेपलं नाही. चहाच्या वेळी, मासहुनी, म्हणजे खोबऱ्यात कालवलेला मासा, रोशीच्या पोळीत गुंडाळून तोंडात कोंबत तो म्हणाला, "दोन्ता, एक विचारू? रिसॉर्टवाल्यांना तू सांगणार का, आधी काय काम करायचीस ते? म्हणजे कसंय, आमच्या खोलीतून पाहुणा परत गेला नाही असं झालं तर..." मुली खिदळल्या, लगेच थांबल्या. नियुमाही हसली. खरं म्हणजे तिला बरं वाटलं. निदान कुणीतरी ते तोंडावर बोललं. "तुझी खोली मीच करणार, जौशन," ती म्हणाली. तो घास गिळायचा थांबला, मग ओशाळं हसला. पण त्यानंतर तोही जरा लांबच बसायला लागला.

ती एकटीने पलंग करायला लागली. या बाजूने खोचायचं, फिरून त्या बाजूला जायचं, तिथलं ओढलं की इकडचं सुटायचं, पुन्हा फिरायचं. दोघांना चार मिनिटं लागायची, तिला नऊ. मग आठ. सर घड्याळ बघायचे, एकदा फक्त म्हणाले, "तुमच्यात काही भांडण झालंय का? मी पडू का मध्ये?" ती नाही म्हणाली. काय सांगणार? सर चांगले होते, पण त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी पोरांना रागावून तिच्याबरोबर काम करायला लावलं असतं, आणि समोरचं टोक धरलेले ते नाइलाजाचे हात तिला सोसले नसते. फेऱ्या परवडल्या. फेऱ्यांची सवय होती.

वेळेचं जमत होतं. अडचण वेगळीच होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. त्या शाळेत परीक्षेची एक रीत होती, सरांनी स्वतः लावलेली. बिछाना उघडून झाला की वर्गातल्या एकाने पाहुणा व्हायचं. बूट काढून आत शिरायचं, एक मिनिट निजायचं आणि उठून दोन दोष सांगायचे. "पाहुणा चादरीकडे बघत नाही," सर म्हणायचे, "तो तिच्यावर झोपतो. ज्या बिछान्यात कुणी झोपलं नाही त्याला मी गुण देत नाही." मुलांच्या बिछान्यात मुलं, मुलींच्या बिछान्यात मुली. वर्गात तिला धरून सहा मुली होत्या. म्हणजे पाच. त्या पाचांतली एकही तिच्या पांढऱ्यात शिरली नाही, तर ती नापास. आणि नापास म्हणजे बोटीने चौदा तास, धक्क्यावर उभी असलेली सकीना, आणि सताड उघडी दारं. उरलेलं सगळं आयुष्य किनाऱ्याने वळसा.

आधी तिने दोघींना विचारलं. एकीने वर बघितलंच नाही. दुसरी म्हणाली, "माझ्या पोटात मूल आहे, दोन्ता, माझी सासू मला मारून टाकेल," आणि ते खरंही होतं, तिला चौथा महिना होता. मग शफ्नाच आली, न विचारता. जिन्यावर गाठलं तिने. एकोणीस वर्षांची, किरकोळ, सदान्‌कदा नखं कुरतडणारी. शेजारच्या बेटावरची.

"ती तूच ना?" शफ्ना म्हणाली. "सात वर्षांपूर्वी. माझी आई गेली तेव्हा होडीतून आली होतीस. हिरवी ओढणी होती तुझ्या डोक्यावर."

नियुमाने तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांची पोर असेल तेव्हा. कुठे होती ही? बायकांच्या त्या गर्दीत पोरं नव्हती. पोरांना बाहेर काढतात.

"मला आत सोडलं नाही," शफ्ना म्हणाली. "मी भिंतीच्या बाहेर उभी होते. नुसतं पाण्याचा आवाज येत होता. किती वेळ येत होता. मग थांबला. मग तू बाहेर आलीस आणि माझ्याकडे न बघता गेलीस."

"मला दिसली नाहीस तू."

"हो. माहितीये." तिने नख तोंडातून काढलं. "मी तुझ्या बिछान्यात झोपणार नाही, दोन्ता. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू दुसरी कुणी बघशील." एवढं बोलून ती दोन दोन पायऱ्या उतरत गेली. नियुमा तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. सांगायला हवं होतं काहीतरी. काय? त्या दिवसातलं तिला सगळं आठवत होतं, आणि ते सांगायचं नसतं असं मावशीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिथलं तिथं सोडून यायचं. हिला मात्र सात वर्षं तिथलं तिथं काही सुटलेलं दिसत नव्हतं. आणि मला तरी सुटलं कुठे, नियुमाच्या मनात आलं. असं स्वतःविषयी ती मनाशीही फार वेळा बोलत नसे.

परीक्षेच्या सकाळी फैझने तिला शाळेच्या दारापर्यंत मोटारसायकलने सोडलं. उतरताना म्हणाला, "सकीनाचा परत फोन होता. म्हातारी अजून आहे." मग दुसरीकडे बघत, "नाही झालीस पास तरी चालेल हां. गादी आहेच." तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही.

सरावखोलीत गारठा होता, एसीचं यंत्र मोठं केलेलं. पोरं भिंतीला लागून उभी. एकेकाचं नाव, एकेक बिछाना, एकेक पाहुणा, हसणं, दोष काढणं, "उशीला साबणाचा वास येतो, सर," "मग काय माशाचा यायला हवा होता?" जौशन पाहुणा म्हणून घोरायला लागला तेव्हा सरही हसले. मग नियुमाचं नाव. ती पुढे गेली. चादर एकटीने टाकली, फिरली, खोचली, फिरली. पांघरूण घेतलं. डावी बाजू हातात आली आणि हात थांबले. तिने त्यांना थांबवलं होतं, या वेळी ती जागी होती. कोपरा धरला, उचलला, मागे दुमडला. त्रिकोण. बिछाना उघडा झाला. सात मिनिटं दहा सेकंद. ती बाजूला उभी राहिली, हात पुढे जोडून, शिकवल्याप्रमाणे.

"पाहुणा कोण?" सर म्हणाले.

यंत्राचा आवाज येत होता. पोरी आपापल्या बुटांकडे बघत होत्या. सरांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पहिल्यांदाच त्यांच्या काहीतरी लक्षात आल्यासारखं वाटलं. काय ते नाही, पण काहीतरी. "हे बघा," ते हळू म्हणाले, "मी नियम मोडू शकत नाही. दोन मिनिटं थांबतो." नियुमाला वाटलं, नकोत दोन मिनिटं, आत्ताच लिहून टाका. माणसांना असं उभं करून त्यांची भीती बघत बसणं तिला एकोणीस वर्षांत पुरलं होतं. ती म्हणणारच होती, सर, राहू द्या. तेवढ्यात भिंतीकडे कुणीतरी बूट काढल्याचा आवाज झाला.

शफ्ना होती. कुणाकडे न बघता आली, उघड्या कोपऱ्यातून आत शिरली आणि पाठीवर ताठ पडली. हात दोन्ही अंगाशी. डोळे मिटलेले. नियुमा पुढे सरकली. "अशी नको," ती कुजबुजली, "हात असे नको ठेवूस. डोळे उघड." सर घड्याळ बघत होते. शफ्नाने डोळे उघडले, छताकडे पाहिलं. तिचे ओठ जेमतेम हलले. भिंतीशी उभ्या असलेल्यांना ऐकू गेलं नसेल.

"तिचं काही दुखत होतं का? चेहऱ्यावरून कळतं ना तुला? मला कुणी सांगतच नाही."

सांगायचं नसतं. नियुमा उशी सारखी करायच्या निमित्ताने वाकली.

"दुखत नव्हतं. चेहरा साधा होता. काहीतरी राहिलंय, आत्ता उठून करते, असा." मग तिला थांबवेना. "नखांत पीठ होतं. दाही नखांत, वाळलेलं. रोशी लाटत होती ना? मी काडीने काढलं एकेक. खूप वेळ लागला. तो आवाज त्याचा होता, तू ऐकलास तो. पाणी ओतत होते आणि पीठ काढत होते. घाई नाही केली मी."

 शफ्नाचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं. "मी मागितली होती," ती म्हणाली. "भूक लागली म्हणून मागे लागले होते मी." आणि ती एकदम कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले, पांघरूण डोक्यावरून ओढलं. त्या पांढऱ्याच्या आत ती हलत होती, हुंदके देत होती. नियुमाचा हात आपोआप पुढे गेला आणि पांघरुणावरून, जिथे केस असतील तिथून, फिरू लागला. शफ्नाने तो झटकला नाही.

एक मिनिट झालं, दोन झाली असतील. सरांनी घड्याळ खिशात टाकलं होतं. शेवटी शफ्ना उठून बसली. केस विस्कटलेले, नाक लाल, अंगाखाली चादर पार चुरगळलेली.

"दोष," सर म्हणाले, अगदी हलक्या आवाजात. "दोन."

"उशी उंच आहे," शफ्नाने बाहीने नाक पुसलं. "आणि पायांशी फार आवळलंय, सर. पाय हलवायला जागा नाही."

"बरोबर," सर म्हणाले. त्यांनी वहीत लिहिलं. "नियुमा, पास. पायांकडे सैल ठेवायला शीक." शफ्ना पलंगावरून उतरली, बूट हातात घेऊन अनवाणीच भिंतीकडे गेली आणि पोरींनी तिला मध्ये जागा करून दिली. नियुमाला बिछाना आवरायचा होता, पुढच्यासाठी मोकळा करायचा होता. ती वाकली. शफ्ना निजली होती तिथे चादरीत खळगा पडला होता. तिने त्यात हात ठेवला. ऊब होती. सर पुढचं नाव पुकारत होते, तरी तिने हात काढला नाही.